भाऊबीज, अमेरिकेचं घड्याळ आणि ब्रुनोची दुसरी गोळी

प्रकरण पुण्यातलं आहे, कोथरूडच्या एका सोसायटीतलं, २०२४ च्या दिवाळीतलं. साठी ओलांडलेले काका-काकू मुलीच्या बाळंतपणासाठी सात आठवडे न्यू जर्सीला गेले आणि घरी राहिला सहा वर्षांचा, बत्तीस किलोचा लॅब्राडोर. नाव ब्रुनो. ते लपवायची गरज वाटली नाही, कारण पुण्यात बागेत उभं राहून ‘ब्रुनो’ अशी हाक मारली तर निदान तीन कुत्री वळून बघतात. माणसांची नावं मात्र कुठेही घालत नाही. मी कुत्र्यांना आणि जास्त करून त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम करते. या घराशी ओळख ब्रुनो पिल्लू होता तेव्हापासूनची. परत आल्यावर काकांनीच सगळ्यांचे मेसेज, गेटवरच्या नोंदी आणि फोनच्या वेळा माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “नक्की कुठे घसरलं ते बघ.” खाली लिहिलंय ते त्यावरून. सगळ्यांची परवानगी घेऊन.

आधी कुत्र्याबद्दल, कारण इथे सगळं त्याच्या आजारापाशी येतं. ब्रुनोला दोन वर्षांचा असताना पहिली आकडी आली. रक्त, यकृत, साखर सगळं तपासलं, काही सापडलं नाही. अशा वेळी डॉक्टर ‘इडिओपॅथिक एपिलेप्सी’ म्हणतात, म्हणजे कारण न सापडणारा अपस्मार. लॅब्राडोरमध्ये हे नवल नाही, आणि या प्रकारात पहिली आकडी बहुतेकदा सहा महिने ते सहा वर्षं या वयात दिसते. तेव्हापासून त्याला आकडी रोखणारं फिनोबार्बिटोन चालू आहे, ६० मिलिग्रॅमची एक गोळी, दर बारा तासांनी. गेल्या दीड वर्षात आकडी नाही.

या औषधाच्या दोन गोष्टी घरच्यांच्या इतक्या अंगवळणी पडतात की त्या कुणाला सांगायच्या राहून जातात. एक म्हणजे त्यानं भूक आणि तहान वाढते, साहजिकच लघवीही वाढते. ब्रुनो पाण्याचं भांडं एका दमात रिकामं करतो आणि जेवण होऊन दहा मिनिटं झाली तरी उपाशी असल्यासारखा ओट्याखाली येऊन बसतो. दुसरी गोष्ट, हे औषध अचानक थांबवायचं नसतं. एकदम बंद पडलं तर आकड्यांची रांग लागू शकते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली आकडी, किंवा मध्ये शुद्धीवर न येता लागोपाठ आलेल्या आकड्या, ही जिवाशी गाठ असते. म्हणून या घरात सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ हे देवपूजेपेक्षा काटेकोर पाळले जातात.

ऑगस्टमध्ये काकूंनी विचारलं तेव्हा पर्याय तीन होते. बोर्डिंगमध्ये ठेवायचं, काकांच्या भावाकडे पाठवायचं किंवा घरीच कुणीतरी राहायला बोलवायचं. बोर्डिंगवाल्यांपैकी दोघांनी आकडीचं नाव ऐकताच नको म्हटलं. मला त्यात त्यांचं चुकलं असं वाटत नाही. रात्री वीस कुत्र्यांमागे एक माणूस असतो, तिथे आकडी येऊन गेली तरी कुणाला कळायचं नाही. तिसरा तयार होता, पण त्याच्याकडे दिवाळीत सगळे पिंजरे भरलेले आणि भिंतीपलीकडे फटाके. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी माणूस ठेवायचा हाच मार्ग उरला.

घरी माणूस ठेवायचं म्हणजे एक माणूस नव्हे, हे हिशेब मांडल्यावर कळलं. रात्री राहायला एक ताई ठरली. तिशीतली, पाच-सहा वर्षं हेच काम करणारी. नोकरी सांभाळून करते, म्हणून रात्री पावणेआठ ते सकाळी साडेआठ. सकाळ-संध्याकाळ फिरवायला सोसायटीतलीच चार-पाच कुत्री फिरवणारा एक मुलगा. दुपारी घरकामाच्या मावशी झाडांना पाणी घालायला येतात, त्या पाच मिनिटं खाली नेऊन आणतील. ताईला रात्रीचे नऊशे, मुलाला महिन्याचे चार हजार, मावशींना नेहमीच्या पगारावर हजार. काकांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, “आम्ही दोघं यात महाबळेश्वरला राहून येऊ.” काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तालीम मात्र नीट झाली. सप्टेंबरमध्ये दोन रात्री काका-काकू कर्वेनगरला बहिणीकडे झोपले आणि ताई घरी राहिली. पहिल्या रात्री ब्रुनो दारापाशी बसून राहिला, दुसऱ्या रात्री ताईच्या गादीवर. मुलाबरोबर पहिल्या दोन फेऱ्यांत त्यानं लघवीच केली नाही. लाजाळू कुत्र्यांचं असं होतं, ओळख पटल्यावर सुटतं. ही तालीम केली नसती तर तेच दोन दिवस मालक विमानात असताना उजाडले असते. पाळीव प्राण्यासाठी माणूस ठेवणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते आणि दहातली आठ घरं ऐकत नाहीत. त्यांना ती दोन रात्रींची उधळपट्टी वाटते.

तालमीतच पट्ट्याचं निघालं. ब्रुनोचा गळपट्टा सैल होता. लॅब्राडोरची मान जाड असते म्हणून तो निसटत नाही असा घरच्यांचा समज. मुलानं एकदा मागे ओढलं आणि पट्टा कानांपर्यंत आला. छातीचा हार्नेस घेतला, त्यावर काकांचा, ताईचा आणि माझा असे तीन नंबर कोरून घेतले. नुसता अमेरिकेत असलेल्या माणसाचा नंबर पट्ट्यावर असून काय कामाचा? ब्रुनोला मायक्रोचिप आहे, आणि तेवढ्यावर काका निर्धास्त होते. चिप म्हणजे कातडीखालचा पंधरा आकडी क्रमांक. तो वाचायला यंत्र अगदी अंगाजवळ आणावं लागतं. कुत्रं पौड रस्त्याला आहे की वारज्याला, हे ती सांगत नाही. सापडलेलं कुत्रं कुणाचं एवढंच तिच्यावरून कळतं, आणि तेही नोंदणीत दिलेला नंबर चालू असेल तर. काकांचा तिथला नंबर सहा वर्षांपूर्वीच्या लँडलाइनचा निघाला.

डॉक्टरांकडे जाताना काकांबरोबर ताईलाही नेलं. काकांनी तिथेच लिहून दिलं: आमच्या गैरहजेरीत ही ताई आणील तेव्हा उपचार करावेत, अमुक रकमेपर्यंत विचारायला थांबू नये, पैसे आगाऊ जमा आहेत. हा कागद पुढे वापरावा लागला नाही, तरी माझ्या मते सगळ्या तयारीतला सगळ्यात मोलाचा तोच. मुंबईहून न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचं विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. त्या वेळात कुत्रं कोसळलं तर निर्णय कुणी घ्यायचा हे कागदावर नसेल, तर राखणारा माणूस मालकाचा फोन लागायची वाट बघत बसतो आणि दवाखाना सहीसाठी थांबतो. औषधाची चिठ्ठीही ताईच्या नावाच्या पाकिटात ठेवली, कारण फिनोबार्बिटोन चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाही आणि मिळूही नये.

मग काकांचा कागद. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी चार पानी टंकलेखन करून, प्लास्टिकमध्ये घालून फ्रीजवर चिकटवलं. भात आणि चिकनचं प्रमाण, फटाक्यांच्या रात्री टीव्हीचा आवाज किती, बाल्कनीचं दार कसं अडकतं ते कसं सोडवायचं, इन्व्हर्टर, गॅस, जवळच्या रात्री उघड्या दवाखान्याचा पत्ता. काय खायला द्यायचं नाही याची यादी चोख होती: चॉकलेट, कांदा-लसूण, द्राक्षं आणि मनुका-बेदाणे, म्हणून फराळातले लाडूही नाहीत, आणि माणसांची कुठलीच तापाची गोळी नाही. गोळीबद्दल एकच ओळ. ‘सकाळी ८ व रात्री ८. विसरू नये.’

कुणी द्यायची, दिल्यावर कुठे लिहायचं, दिली की नाही अशी शंका आली तर काय करायचं, यातलं काही त्या ओळीत नव्हतं. त्या वेळी ते कुणालाच खटकलं नाही, कारण गोळी ताईच देणार होती, दोन्ही वेळा.

पहिले तीन आठवडे ताईचे ठीक गेले. मुलाबद्दल दोन तक्रारी झाल्या. गेटवरच्या ॲपमध्ये येण्या-जाण्याची नोंद होते. काकांनी तिकडून ती पाहिली आणि त्यांना दिसलं की अर्ध्या तासाची फेरी कधी सतरा मिनिटांची, कधी एकोणीस. शिवाय शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी कळवलं की तो ब्रुनोबरोबर सी विंगमधलं पग जातीचं कुत्रंही नेतो. काका चिडले. ताईनं समजूत घातली, आणि ती जे म्हणाली ते मला पटलं: “काका, चार हजारांत तो रोज दोनदा येतो, एक दिवस चुकला नाही. वेळेवरून बोलू या, पण एकेकटं फिरव म्हणायचं तर पैसे वाढवावे लागतील.” तिघांच्या बोलण्यातून पगला वगळलं गेलं, वेळ पंचवीस मिनिटांवर ठरली, पाचशे वाढले. फिरवणाऱ्याला कमी पैसे द्यायचे आणि तो दोन-तीन कुत्री एकत्र नेतो म्हणून रागवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मध्येच लिफ्टचा विषय काढला. बाहेरची बाई कुत्रं घेऊन लिफ्टनं का जाते, मालक तर इथे नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही असं स्पष्ट आहे. ताईकडे त्याची प्रत होती, तिनं ती दाखवली, विषय संपला. मुलाला मात्र मी एक वेगळी गोष्ट बजावून सांगितली होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा ताब्याबद्दल बोलतो. म्हणजे घर कुणाचं यावर सुटका होत नाही, दोर हातात असलेला माणूसही त्यात येऊ शकतो. म्हणून रेबीजच्या लशीचा दाखला मुलाच्या फोनमध्येही ठेवला, आणि खाली पोरं खेळत असताना दोर आखूड धरायचा हे ठरलं.

दिवाळी जवळ आली तशी घडी विस्कटायला लागली. फटाके दिवाळीत रात्री आठ ते दहाच वाजवावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१८ पासून आहे. कोथरूडमध्ये कोण किती पाळतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण आठ वाजता सुरुवात होते हे नक्की. रात्रीची फेरी नेमकी आठनंतर असायची. मुलानं आणि ताईनं आपसांत ठरवून ती पावणेसहावर आणली, ऊन उतरताना आणि पहिला बॉम्ब फुटायच्या आत. निर्णय उत्तम होता. काही कुत्र्यांना ताणानं आकडी येते, त्यामुळे अशा कुत्र्याला फटाक्यांत बाहेर न्यायचंच नाही. पण यानं एक बारीक गोष्ट बदलली. आधी ताई यायची, गोळी द्यायची आणि मग मुलगा कुत्र्याला घेऊन जायचा, त्यामुळे ताई आणि मुलगा रोज समोरासमोर भेटत होते. फेरी अलीकडे आली आणि त्यांची भेट बंद झाली.

तिकडे काकूंची आपली एक पद्धत बसली होती. न्यू जर्सीत सकाळी साडेदहाला त्यांच्या फोनचा गजर वाजायचा, म्हणजे पुण्यात रात्रीचे आठ. काकू घरच्या मेसेज-ग्रुपवर विचारायच्या, “गोळी?” ताई गोळी काढलेल्या पाकिटाचा फोटो टाकायची. सकाळच्या गोळीला तिकडे रात्रीचे साडेदहा, म्हणून ती ताईवर सोडलेली. नातू २६ ऑक्टोबरला झाला, तरी हा प्रश्न एकदाही चुकला नाही. काकूंना जाणणारे म्हणतील, चुकणारही नाही.

आता ३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज. त्या पहाटे दोन वाजता अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली. उन्हाळी वेळ संपली. त्या दिवसापर्यंत पुणं न्यू जर्सीच्या साडेनऊ तास पुढे होतं, त्या दिवसापासून साडेदहा तास. काकूंच्या फोननं वेळ आपोआप बदलून घेतली आणि गजर ठरल्याप्रमाणे साडेदहालाच ठेवला. तिथले साडेदहा म्हणजे आता पुण्याचे नऊ. मुलगी-जावयाला हा बदल माहीत होता, पण आठ दिवसांचं बाळ घरात असताना घड्याळ मागे गेलंय हे सासूबाईंना सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार?

पुण्यात त्या दिवशी ताई भावाकडे साताऱ्याला गेली. हे तिनं ठरवतानाच सांगितलं होतं, काकूंनी आनंदानं हो म्हटलं होतं. बदली म्हणून तिनं आपली एक मैत्रीण ठरवली. तीही कुत्री सांभाळते, पण ब्रुनोला तिनं आधी पाहिलेलं नव्हतं. तिच्याही घरी भाऊ यायचा होता, ओवाळून निघेपर्यंत साडेआठ होणार होते. म्हणून आठच्या गोळीसाठी ताईनं फिरवणाऱ्या मुलाला सांगितलं. त्याची बहीण सकाळीच येऊन गेली होती, तो मोकळा होता. मावशी अर्थातच सुट्टीवर.

पुढचं गेटच्या आणि फोनच्या नोंदींवरून असं. मुलगा ७:५६ ला आत आला. आठ वाजता त्यानं पनीरच्या तुकड्यात घालून गोळी दिली, ब्रुनोला जिन्यापाशी लघवीला नेऊन आणलं, ८:२१ ला तो गेटबाहेर पडला. ताईला फोन केला, लागला नाही, म्हणून तिला एकटीला मेसेज टाकला: “दिली.” तो ग्रुपमध्ये नव्हताच. त्याला कुणी घेतलंच नव्हतं, कारण ग्रुपवर पगार आणि सोसायटीच्या तक्रारी यांचीही चर्चा व्हायची. बदलीची मैत्रीण ८:३४ ला आत आली. दोघांची चुकामूक तेरा मिनिटांची. तिला ताईनं दुपारी ग्रुपमध्ये घेतलं होतं आणि सांगितलं होतं की रात्रीची गोळी दिलेली असेल, तू फक्त सकाळची बघ. पण हे सांगितलं तोंडी, दहा गोष्टींच्या गर्दीत, किल्ली कुठे आणि गीझर कसा यांच्या मध्ये.

९:०१ ला काकूंचा मेसेज आला: “गोळी दिली का?”

मैत्रिणीच्या जागी उभं राहून बघावं. मालकीण स्वतः विचारते आहे. फ्रीजवर कागद म्हणतो, रात्री ८, विसरू नये. आता नऊ वाजून गेलेत. पाकीट समोर आहे, पण त्यातल्या किती गोळ्या कधीच्या हे त्यावरून कळत नाही. ताईचा फोन लागत नाही. कुत्रा पायांत घोटाळतो आहे, ओट्याकडे बघून लाळ गाळतो आहे, जणू कुणी त्याला काही दिलेलंच नाही. आणि डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलेलं की या कुत्र्याची गोळी चुकली तर आकडी येते. तिनं गोळी दिली. ९:०७ ला फोटो टाकला: “दिली काकू, सॉरी थोडा उशीर झाला.” काकूंनी अंगठा दाखवला. त्यांच्या दृष्टीनं सगळं वेळेवरच होतं, फक्त ‘उशीर’ का म्हणाली ते त्यांना कळलं नाही.

९:४० ला ताईच्या फोनला रेंज आली आणि तिला दोन्ही मेसेज एकाखाली एक दिसले.

डॉक्टरांना लगेच फोन झाला नाही, याबद्दल नंतर काकांनी बरंच ऐकवलं. ताईचं म्हणणं, तिनं प्रयत्न केला, पण दवाखान्याचा नंबर भाऊबीजेला बंद होता आणि डॉक्टरांचा खासगी नंबर काकांकडे होता. तो चार पानांत नव्हता. अकराच्या सुमारास ब्रुनोचे मागचे पाय लटपटायला लागले. उठायचा, दोन पावलं तिरका जायचा, बसायचा. मैत्रिणीनं त्याचा व्हिडिओ काढून टाकला. न्यू जर्सीत तेव्हा दुपारचे साडेबारा. काकांनी डॉक्टरांना उठवलं.

डॉक्टरांनी मोजके प्रश्न विचारले. वजन किती, गोळी किती मिलिग्रॅमची, एकूण किती गेल्या आणि कधी. हाक मारल्यावर डोकं उचलतो का. श्वास सरळ आहे का, हिरड्या गुलाबी आहेत का. बत्तीस किलोच्या, चार वर्षं या औषधाला सरावलेल्या कुत्र्याला एक जादा गोळी म्हणजे गुंगी आणि लटपटणं. जिवाचा धोका त्यांना वाटला नाही. मीठ-पाणी वगैरे पाजून ओकवायचं नाही असं त्यांनी तीनदा बजावलं, कारण गुंगीतल्या कुत्र्याची उलटी फुप्फुसात जाऊ शकते. पायऱ्या, सोफा आणि बाल्कनी बंद, खाली गादी, पाणी थोडं थोडं, तासातासाला हाक मारून बघायचं. उठेनासा झाला तर सरळ रात्रीच्या दवाखान्यात. आणि सकाळची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय द्यायची नाही. मैत्रीण रात्रभर गादीशेजारी बसली. सकाळी नऊला ब्रुनोनं भात मागितला, दुपारी तो जवळपास नेहमीसारखा होता. सकाळची गोळी कधी आणि किती हे डॉक्टरांनी त्याला व्हिडिओवर पाहून ठरवलं. आकडी आली नाही.

मग दोष कुणाचा यावर आठवडाभर ग्रुप तापला. काकूंचं म्हणणं, नवीन मुलीनं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं होतं, उत्तर द्यायला कुणी नव्हतं. काकांचं म्हणणं, मुलानं ग्रुपवर टाकायला हवं होतं. तो ग्रुपमध्ये नव्हता. ताई स्वतःला दोष देत राहिली, की मी सणाला जायलाच नको होतं. हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. सात आठवडे सलग, दिवाळीसकट, एकच बाई एकही रात्र न चुकवता राहील हे गृहीत धरून व्यवस्था उभी करायचीच नसते. दिवाळीत सगळ्यांनाच भाऊ असतात. सणाच्या दिवशी बदली लागणार हे ऑगस्टमध्येच दिसत होतं. ती बदली तालमीला हवी होती आणि तिचे पैसे मालकाच्या हिशेबात हवे होते. इथे ताईनं आपल्या पैशांतून मैत्रिणीला दिले हे काकांना डिसेंबरमध्ये कळलं.

काकूंच्या प्रश्नाचं काय, हे सांगणं मला अवघड गेलं, पण सांगितलं. सात समुद्रांपलीकडून रोज विचारलेला तो प्रश्न प्रेमाचा होता, आणि त्या रात्री दुसरी गोळी त्याच्यामुळेच गेली. तो प्रश्न पुण्यातल्या घरात कुणाला आज्ञेसारखा ऐकू येईल हे त्यांना तिथून दिसणं शक्य नव्हतं. ताईला तो सवयीचा होता, ती वाचून हसायची. नव्या माणसाला तो दरडावल्यासारखा वाटला. लांब असलेल्यानं आठवण करून देण्याऐवजी नोंद बघावी, आणि नोंद नसेल तर आधी विचारावं, “शेवटची कुणी दिली?”

बदललं ते थोडं आहे. गोळ्यांना आता आठवड्याचा डबा आहे, चौदा कप्प्यांचा, वार आणि सकाळ-रात्र लिहिलेला, माणसांच्या औषधांचा असतो तोच. कप्पा रिकामा म्हणजे गोळी गेली. बाजूला पेन बांधलेली वही. देणारा सही करून वेळ टाकतो, पुण्याची वेळ. कप्पा आणि वही जुळत नसतील तर गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना फोन. हा नियम डॉक्टरांनी या औषधापुरता आणि या कुत्र्यापुरता सांगितला आहे, दुसऱ्या आजाराला तो उलटाही असू शकतो. डॉक्टरांचा खासगी नंबर, त्यांच्याच संमतीनं, डब्याच्या झाकणावर. काकूंचा गजर आता पुण्याच्या वेळेवरून लावतात. मुलगा वेगळ्या ग्रुपमध्ये आला, ज्यात पैशांच्या गोष्टी होत नाहीत. चार पानांचं पहिलं पान आता एवढंच सांगतं की हा कुत्रा कायम भुकेला दिसतो, कायम पाणी पितो, त्याच्या तोंडाकडे बघून काही ठरवू नका.

फेब्रुवारीत नागपूरला लग्न होतं तेव्हा हीच ताई आणि तीच मैत्रीण आलटून पालटून राहिल्या. काकांना दिवाणखान्यात कॅमेरा हवा होता. ताई म्हणाली, “जिथे मी झोपते तिथे नको, आणि बघता तेव्हा सांगून बघा.” काका म्हणाले, घर माझं आहे. शेवटी कॅमेरा ओट्यावर लागला, फक्त डबा आणि वही दिसेल असा. दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याचा वाद तिथेच आहे, आणि माझं मत ताईच्या बाजूनं आहे हे काकांना आवडलेलं नाही. डबा आणि वही मात्र आता दोघं घरी असतानाही चालू आहेत, कारण काकांनी दिलेली गोळी पुन्हा द्यायला काकू जानेवारीतच निघाल्या होत्या.